सात सह्या आणि पावतीपुस्तक
'आयटी'तील नोकरदारांची संघटना : नोंदणी, निधी आणि आजवरचे अनुभव

मुंबईतील गिरणी कामगारांच्या मागण्या १८८४ मध्ये प्रथमच एका निवेदनात एकत्र आल्या. हे निवेदन तयार करणारे 'दीनबंधु'चे संपादक आणि महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी कामगारांच्या पदरात पाडून दिली. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात या असोसिएशनला आद्यत्वाचा मान दिला जातो. तथापि, १८९२ च्या कारखानेविषयक सरकारी अहवालात तिच्याविषयी जे नोंदविले गेले, ते फारसे कौतुकाचे नाही. या संघटनेकडे सभासदांची नोंदवही नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. लोखंडे हे भेटायला येणाऱ्या कामगारांना स्वेच्छेने सल्ला देतात, एवढेच तिचे स्वरूप आहे, असा त्या नोंदीचा आशय होता. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले आणि असोसिएशनचे कामही थंडावले.

नोंदवही, निधी आणि नियम या तीन गोष्टींची उणीव तेव्हा सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटली नव्हती. आज हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची संघटना उभारू पाहणाऱ्यांची गाडी नेमकी याच तीन ठिकाणी अडते. त्यातही नियम लिहून काढणे त्या मानाने सोपे. नोंदवहीत नाव घालण्यास माणसे कचरतात आणि निधी तर बहुतेकदा जमतच नाही.

मालक आधी, नोकर मागाहून

या उद्योगात संघटित होण्याची कला प्रथम कोणी साधली असेल, तर ती मालकांनी. सॉफ्टवेअर कंपन्यांची 'नॅसकॉम' ही संघटना १९८८ मध्ये, म्हणजे उदारीकरणाच्याही आधी स्थापन झाली. कंपनीच्या उलाढालीनुसार वर्गणी हे तिचे सूत्र. त्यातून पूर्णवेळ कार्यालय, अभ्यासगट आणि सरकारदरबारी बाजू मांडणारी यंत्रणा उभी राहिली. २००६ मध्ये तिने कर्मचाऱ्यांची शैक्षणिक व नोकरीविषयक माहिती नोंदविणारे 'नॅशनल स्किल्स रजिस्ट्री' हे दप्तरही सुरू केले. गंमत अशी की कर्मचाऱ्यांची देशव्यापी नोंदवही तयार झाली, ती त्यांच्या संघटनेआधी आणि मालकांच्या पुढाकाराने.

संगणक व्यावसायिकांची संस्थाच नव्हती असे मात्र नाही. 'कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया' १९६५ पासून कार्यरत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ प्रा. आर. नरसिंहन हे तिचे पहिले अध्यक्ष. परिषदा, व्याख्याने, नियतकालिके आणि विद्यार्थी शाखा हे तिचे कार्य. पगार, कामाचे तास, कपात हे विषय अशा विद्वत्संस्थांच्या कक्षेत येत नाहीत. इंग्लंडमध्ये १९५७ मध्ये स्थापन झालेल्या 'ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी'चेही तसेच. तिला १९८४ मध्ये राजसनद मिळाली. परीक्षा आणि व्यावसायिक प्रमाणपत्रे यांच्या शुल्कामुळे तिची आर्थिक घडी बसली. प्रमाणपत्र विकत घेणारा ग्राहक असतो, हक्क मागणारा सभासद नव्हे. अशा संस्थांचा प्रपंच त्यामुळे सुरळीत चालतो. पण कर्मचाऱ्याला राजीनामापत्र टंकून देऊन खाली सही करण्यास सांगितले जाते, त्या दिवशी तो त्यांच्याकडे जात नाही.

कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी म्हणून झालेल्या प्रयत्नांपैकी 'युनाइट्स' ही बीपीओ कर्मचाऱ्यांची संघटना २००५ मध्ये बंगळुरूत आकाराला आली. त्या सुमारास व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेतील एका अभ्यासात कॉल सेंटरमधील नोकरदारांना उद्देशून वापरलेल्या 'सायबर कुली' या शब्दावरून मोठे वादळ उठले होते. उद्योगाने संताप व्यक्त केला; कर्मचाऱ्यांनाही हे बिरुद रुचले नाही. डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरूत रात्रपाळीला निघालेल्या एका कॉल सेंटर कर्मचारी महिलेची वाहनचालकाने हत्या केली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात तशाच घटनेची पुनरावृत्ती झाली. रात्रीची वाहतूक हा कंपनीच्या जबाबदारीचा भाग आहे, हे ठणकावून सांगण्यास कोणीतरी हवे, याची जाणीव या घटनांनी झाली. पश्चिम बंगालमध्ये 'सिटू'च्या पुढाकाराने २००६ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांची संघटना सुरू झाली. तेथील डाव्या आघाडीच्याच सरकारने या उद्योगाला 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' ठरवून संपावर बंधने आणली होती, हा विरोधाभास त्या वेळी बराच चर्चिला गेला.

जानेवारी २००९ मध्ये 'सत्यम'चा घोटाळा उघडकीस आला तेव्हा कंपनीत सुमारे ५० हजार कर्मचारी होते. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले. गुंतवणूकदार, बँका, ग्राहक कंपन्या अशा साऱ्यांच्या वतीने बोलणारे कोणी ना कोणी होते. कर्मचाऱ्यांच्या वतीने वाटाघाटीला बसू शकेल अशी मान्यताप्राप्त संघटना नव्हती. पुढची लाट आली ती डिसेंबर २०१४ मध्ये. 'टीसीएस'मधील कपातीच्या बातम्यांनंतर चेन्नईत 'फोरम फॉर आयटी एम्प्लॉईज' अर्थात 'फाइट' ही संघटना स्थापन झाली. पुण्यातही तिचे काम सुरू झाले. आयटी कर्मचाऱ्यांना संघटना स्थापण्याचा अधिकार असल्याचे तामिळनाडू सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ मध्ये 'किटू' या नावाने ओळखली जाणारी राज्यस्तरीय संघटना नोंदली गेली. पुण्यातील 'नाइट्स', म्हणजेच 'नॅसेंट इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉईज सेनेट', ही त्यानंतरची. ५० लाखांहून अधिक माणसांना रोजगार देणाऱ्या उद्योगाच्या मानाने ही यादी तोकडीच म्हणावी लागेल.

या विलंबाचे कारण केवळ कंपन्यांच्या धाकात शोधणे पुरेसे नाही. अहमदाबादच्या 'आयआयएम'मधील अर्नेस्टो नोरोन्हा आणि प्रेमिला डिक्रूझ यांनी कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात 'प्रोफेशनल' या बिरुदाचा प्रभाव विस्ताराने मांडला आहे. आपण कामगार नसून 'प्रोफेशनल' आहोत, ही भावना कर्मचाऱ्याला सुखावते. आणि प्रोफेशनल मनुष्य तक्रार करीत नाही, तो कंपनी बदलतो, असेही त्याच्या मनावर ठसते. बाजार तेजीत असेपर्यंत हा हिशेब खराही ठरतो.

तीन वाटा, तीन कायदे

संघटना काढायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो तिच्या कायदेशीर रूपाचा. येथे तीन वाटा फुटतात. पहिली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था. त्यासाठी किमान सात व्यक्ती लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. दुसरी, २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालील ना-नफा कंपनी. देणगीदारांना आणि प्रायोजकांना हे रूप परिचित वाटते. तिसरी, कामगार संघटना म्हणजे ट्रेड युनियन.

पहिल्या दोन वाटा सभ्य आणि निर्धोक वाटतात आणि नव्याने एकत्र आलेले अभियंते बहुधा त्यांच्याकडेच वळतात. 'युनियन' या शब्दाला लाल झेंडा, फाटकावरील घोषणा आणि १९८२ चा गिरणी संप यांच्या आठवणी चिकटलेल्या असल्याने तो टाळण्याकडे कल असतो. परंतु या सभ्यतेची किंमत मोजावी लागते. ती कोणती, हे समजण्यासाठी १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचा जन्म पाहणे उद्बोधक ठरेल.

बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली १९१८ मध्ये 'मद्रास लेबर युनियन' स्थापन झाली. तेथील बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या चालक कंपनीने १९२० मध्ये वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना नोकरीच्या कराराचा भंग करण्यास प्रवृत्त केले, हा आरोप. न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि नुकसानभरपाईची टांगती तलवार उभी राहिली. अखेर वाडिया यांनी संघटनेतून बाजूला व्हावे, या तडजोडीवर प्रकरण मिटले. कायद्याचे कवच नसेल तर संघटनेचा पदाधिकारी वैयक्तिकरीत्या धुळीस मिळू शकतो, हे त्यातून दिसले. मुंबईतील कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडून संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी केली. तो कायदा १९२६ मध्ये संमत होऊन १ जून १९२७ पासून अमलात आला. लोअर परळच्या ज्या रस्त्याला ना. म. जोशी यांचे नाव आहे, त्याच्या दुतर्फा आज गिरण्यांच्या जागी कार्यालयांच्या काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत काम करणाऱ्यांपैकी अनेकांना हे कवच आपल्यासाठीही आहे याची कल्पना नसते.

नोंदणीकृत युनियनने औद्योगिक विवादाच्या संदर्भात केलेल्या कृत्यांना फौजदारी कटाच्या आणि दिवाणी दाव्याच्या काही तरतुदींपासून या कायद्याने संरक्षण दिले. संस्थेला किंवा कलम ८ खालील कंपनीला ते मिळत नाही. वाटाघाटी करणारा पक्ष म्हणून मान्यता मागण्याचा हक्कही तिला नाही. ती निवेदन देऊ शकते, परिसंवाद भरवू शकते. १९२६ चा कायदा, स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये विलीन झाले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. संघटनांच्या नोंदणीविषयीचा गाभा तिने कायम ठेवला आहे.

अर्ज करण्यास सात सभासद पुरतात. मात्र ज्या आस्थापनेशी वा उद्योगाशी संघटना संबंधित आहे, तेथील १० टक्के किंवा १०० कर्मचारी, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद अर्जाच्या दिवशी असावे लागतात आणि ही संख्या सातपेक्षा कमी चालत नाही. ही अट २००१ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे एखाद्या ६० जणांच्या कंपनीत सात सभासद हवेत; राज्यभरच्या आयटी उद्योगासाठी संघटना काढायची तर १०० पुरेत. राज्यातील लाखो कर्मचाऱ्यांतून १०० सभासद मिळविणे अवघड नाही. अवघड असतात त्या सात सह्या. अर्जात या सात जणांची नावे, व्यवसाय, कामाचे ठिकाण आणि पत्ते लिहावे लागतात. संघटनेत भाग घेतल्याबद्दल नोकरीवरून काढणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, हे खरे. पण मूल्यांकनात खालची श्रेणी देऊन किंवा प्रकल्पाविना 'बेंच'वर बसवून तीच गोष्ट दुसऱ्या नावाने करता येते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक असते.

पदाधिकाऱ्यांबाबतची एक तरतूद येथे फार उपयोगी पडते. एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी कमी असेल तितकेच बाहेरचे असू शकतात. बाकीचे त्या उद्योगातील हवेत. परंतु निवृत्त झालेला किंवा कपातीत नोकरी गेलेला कर्मचारी या कामी बाहेरचा मानला जात नाही. ज्याची नोकरी गेली आहे, त्याला गमावण्यासारखे थोडे आणि देण्यासारखा वेळ पुष्कळ. अशी माणसे नव्या संघटनेचा कणा होऊ शकतात.

'मॅनेजर' नावाचा कामगार

आयटीतील संघटनेसंबंधी सर्वाधिक गोंधळ असतो तो 'आम्हाला हा कायदा लागूच होत नाही' या समजाचा. येथे दोन वेगळ्या व्याख्या एकमेकींत मिसळल्या जातात. युनियनचे सभासद कोण होऊ शकते, या प्रश्नाचे उत्तर व्यापक आहे. त्या प्रकरणापुरते 'वर्कर' म्हणजे उद्योग-व्यवसायात नोकरीस असलेली कोणतीही व्यक्ती. नोकरीवरून काढल्यास औद्योगिक विवाद उपस्थित करण्याचा हक्क कोणाला, याचे उत्तर मात्र मर्यादित आहे. तांत्रिक, कुशल, कारकुनी असे काम करणारा त्यात येतो. प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणारा वगळला जातो आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही. म्हणून टीम लीडर संघटनेत येऊ शकतो. कामगार न्यायालयात उभा राहताना मात्र त्याला आपले खरे काम काय होते ते सिद्ध करावे लागते.

पद महत्त्वाचे नाही, काम महत्त्वाचे, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. त्याचा या क्षेत्रातील ठळक दाखला चेन्नईचा. २०१५ मध्ये 'टीसीएस'ने काढून टाकलेल्या एका अभियंत्याने तेथील कामगार न्यायालयात धाव घेतली. तो व्यवस्थापकीय श्रेणीत होता, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याला मागील वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. निकाल मोठाच, पण त्याला सात वर्षे लागली. या काळात त्या अभियंत्याने किरकोळ कामे करून दिवस काढले. 'फाइट' ही संघटना त्याच्या पाठीशी होती. सात वर्षे एका माणसाच्या पाठीशी उभे राहण्यास संघटनेला काय लागते, हा प्रश्न विचारला की चर्चा आपोआप पैशाकडे वळते.

वर्गणीचे गणित

२००१ च्या दुरुस्तीने युनियनची किमान वर्गणी, ग्रामीण व असंघटित कामगार वगळता, वर्षाला १२ रुपये ठरविली होती. महिना एक रुपया. हजार सभासदांची संघटना या दराने वर्षाला १२ हजार रुपये गोळा करील. पुण्यात छोट्या कार्यालयाचे वर्षभराचे भाडेही त्यातून निघणार नाही. हेच हजार सभासद दरमहा २०० रुपये देऊ लागले तर वर्षाला २४ लाख रुपये होतात. त्यात कार्यालय, एक-दोन पूर्णवेळ कार्यकर्ते, हिशेबनीस आणि वकिलाचे मानधन बसू शकते. दोनशे रुपये ही रक्कम हिंजवडीच्या रस्त्यावरील एका वेळच्या जेवणाइतकी. ती परवडत नाही असे नाही. ती द्यावी असे वाटत नाही, कारण बदल्यात काय मिळणार हे दिसत नाही. सभासद नाहीत म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून सभासद नाहीत, या चक्रात बहुतेक नव्या संघटना अडकतात.

अमेरिकेत 'गुगल'च्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२१ मध्ये 'अल्फाबेट वर्कर्स युनियन' जाहीर केली, तेव्हा सव्वा लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या या कंपनीत सभासद होते जेमतेम सव्वादोनशे. तरीही त्यांनी वर्गणी ठेवली ती वार्षिक वेतन-भत्त्यांच्या एक टक्का. कंपनीकडून मान्यता मिळविण्याच्या मागे न लागता, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही सामावून घेत, पैसे देणाऱ्या सभासदांच्या बळावर काम सुरू करायचे, हे त्यांचे धोरण. दूरसंचार कामगारांच्या जुन्या, मोठ्या संघटनेशी त्यांनी संलग्नता घेतली. भारतात वर्षाला १० लाख रुपये मिळविणाऱ्या अभियंत्याला हा एक टक्का लावला तर दरमहा सुमारे ८३० रुपये होतात. इतकी वर्गणी येथे मागण्याचे धाडस सध्या तरी कोणी करील असे वाटत नाही.

वर्गणी नसेल तर पैसा येणार कोठून? 'युनाइट्स'मागे 'युनियन नेटवर्क इंटरनॅशनल' या जागतिक महासंघाचे पाठबळ होते. त्यामुळे प्रशिक्षित कार्यकर्ते मिळाले, कार्यालय मिळाले, काही छोट्या कंपन्यांशी करारही झाले. पण मोठ्या कंपन्यांत शिरकाव झाला नाही. बाहेरच्या मदतीवर संघटना सुरू करता येते, तिचे सभासद मात्र बाहेरून आणता येत नाहीत. शिवाय परदेशी देणगीचा मार्ग आता फारच अरुंद आहे. २०१० च्या परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारावा लागतो.

देशातील एखाद्या केंद्रीय कामगार संघटनेचे छत्र घेतल्यास वकील, जागा आणि अनुभव आयता मिळतो. त्याबरोबर तिचा पक्षही येतो, किंवा येईल अशी भीती सभासदांना वाटते. कंपन्यांकडून प्रायोजकत्व घेणे हा आणखी एक पर्याय. ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्याच पैशाने अधिवेशन भरविण्याचा हा प्रकार विद्वत्संस्थेला शोभेल, हक्कांच्या संघटनेला नाही. मातृसंस्थेच्या छायेतही अडचण असतेच. अमेरिकेतील संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रशासकांची 'सेज' ही संघटना १९९२ पासून 'युजनिक्स' या जुन्या संस्थेचा भाग होती. स्वतंत्र होण्याची योजना फिसकटल्यावर तिच्यातील काहींनी २००५ मध्ये 'लोप्सा' ही वेगळी संघटना काढली. मातृसंस्थेकडील वलय आणि परिषदांचे उत्पन्न मागेच राहिले आणि नव्या संस्थेला सभासद वर्गणीपासून सारे नव्याने उभारावे लागले.

बँक आणि विमा कर्मचाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे. 'ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन' १९४६ मधील, विमा कर्मचाऱ्यांची देशव्यापी संघटना १९५१ मधील. (याच विमा कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात कोलकात्यात संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला होता, आज संगणकावर पोट असलेल्यांना त्यांच्याकडून धडा घ्यावा लागतो आहे.) वर्गणी थेट पगारातून कापून संघटनेकडे जाते. वेतनकरार झाला की थकबाकीतून ठरावीक रक्कम 'लेव्ही' म्हणून घेतली जाते. सभासदाच्या हाती वाढीव पैसा पडतो त्याच दिवशी संघटनेचाही वाटा निघतो, त्यामुळे तो जड वाटत नाही. आयटीत असा सामूहिक वेतनकरारच नाही. बँकेतील कारकुनाचा पगार साऱ्या शाखेला तोंडपाठ असतो. आयटीत शेजारी बसणाऱ्याचा पगार विचारणे अशिष्ट मानले जाते. जेथे पगारवाढ प्रत्येकाची वेगळी आणि गुप्त, तेथे तिच्यातून संघटनेचा वाटा कोण काढून देणार?

पगारातून कपातीची सोय आयटीत लागू केली तरी ती उलटण्याचीच शक्यता अधिक. त्यासाठी सभासदाची लेखी संमती मनुष्यबळ विभागाकडे द्यावी लागते, म्हणजे सभासदांची यादी आपल्या हाताने व्यवस्थापनाला देणे आले. यावर आताच्या पिढीजवळ उपाय आहे. बँक खात्यातून परस्पर दरमहा रक्कम वळती करण्याची स्थायी सूचना, किंवा २०२० पासून उपलब्ध झालेली 'यूपीआय ऑटोपे'. वर्गणी मागण्यासाठी दर महिन्याला दारात उभे राहावे लागत नाही आणि मालकालाही कळत नाही. जुन्या युनियनच्या कार्यकर्त्याला मात्र यात एक तोटा दिसेल. वर्गणीच्या निमित्ताने तो सभासदाला महिन्यातून एकदा भेटत असे. पावती फाडताना दोन शब्द बोलणे होत असे. मुंबईच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या १९२८ च्या संपात काही महिन्यांत शे-तीनशेवरून ५० हजारांच्या वर गेली, ती चाळीचाळींतून झालेल्या अशाच भेटीगाठींमुळे.

निधी कशासाठी?

जमलेला पैसा कोठे खर्च करता येतो, याची यादी १९२६ च्या कायद्यातच आहे. पदाधिकाऱ्यांचे वेतन, कार्यालय, लेखापरीक्षण, न्यायालयीन लढा, विवादामुळे सभासदाचे झालेले नुकसान, आजारपण, अपघात, बेकारी यांसाठी भत्ते, शिक्षण, नियतकालिक. राजकीय कार्यासाठी वेगळा निधी ठेवावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. 'युनियनचा पैसा पक्षाला जातो' या शंकेला कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच दिलेले हे उत्तर आहे. नवी संघटना काढणाऱ्यांनी आपल्या घटनेत ते ठळक अक्षरांत छापले तर सभासद मिळविणे सोपे जाईल.

आजच्या संघटनांचे काम मुख्यतः पत्रव्यवहारावर चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इन्फोसिस'च्या म्हैसूर केंद्रातील प्रशिक्षणार्थींना कमी केले गेले तेव्हा 'नाइट्स'ने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली आणि मंत्रालयाने कर्नाटकच्या कामगार खात्याला लक्ष घालण्यास सांगितले. कर्नाटकात २०२४ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांचा कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, त्याला 'किटू'ने जाहीर विरोध केला. हे महत्त्वाचे काम आहे आणि त्याला खर्चही थोडाच येतो. पत्राला लेटरहेड पुरते, खटल्याला निधी लागतो. एखादी कंपनी पत्राला उत्तरच द्यायचे नाही असे ठरवते, तेव्हा हा फरक कळतो.

वाटाघाटीच्या मेजापर्यंतचा पल्ला त्याहून लांबचा. नव्या संहितेनुसार एका आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असल्यास ५१ टक्के कर्मचाऱ्यांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तसे कोणी नसल्यास किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. महाराष्ट्रातील १९७१ च्या कायद्याने मान्यतेसाठी ३० टक्क्यांची अट घातली होती. हजारो कर्मचारी असलेल्या कंपनीत २० टक्केही आज कोणत्या आयटी संघटनेच्या आवाक्यात असतील, असे म्हणता येत नाही. म्हणून पहिली काही वर्षे तरी या संघटनांना मान्यतेऐवजी सेवेवर भर द्यावा लागेल. नियुक्तिपत्र सही करण्यापूर्वी तपासून देणे, नोटीस कालावधी आणि बाँडच्या अटी समजावणे, राजीनामा मागितला गेल्यास काय करावे याचा सल्ला, अडलेले अनुभव प्रमाणपत्र किंवा भविष्य निर्वाह निधी सोडविणे. या कामांची गरज तेजीतही असते आणि त्यांचा लाभ सभासदाला लगेच दिसतो.

सभासद जमले, वर्गणी सुरू झाली, तरी दरवर्षीचे एक काम चुकत नाही. जमाखर्चाचे लेखापरीक्षण करून वार्षिक विवरणपत्र निबंधकांकडे द्यावे लागते. त्यात सभासदसंख्या, जमा, खर्च, मालमत्ता आणि पदाधिकाऱ्यांतील बदल, सारे येते. कोणत्याही सभासदाला आणि पदाधिकाऱ्याला हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क आहे. विवरणपत्र देण्यास कसूर झाल्यास पदाधिकाऱ्यांना दंड होतो आणि तरतुदींचा जाणूनबुजून भंग होत राहिल्यास निबंधक दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन नोंदणीच रद्द करू शकतात. हे दप्तर सांभाळणारा चिटणीस बहुधा दिवसभर दुसऱ्या कोणाच्या प्रकल्पाचे काम करून, रात्री घरी आल्यावर संघटनेची खातेवही उघडत असतो.